विद्यापीठाची वीण : कुठे घट्ट, कुठे सैल?

कुलगुरू कोणी नेमावेत, या एका प्रश्नाभोवती देशातील उच्च शिक्षणाची चर्चा गेली काही वर्षे फिरत राहिली आहे. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती रद्द ठरवली. ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांशी विसंगत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळमधील ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठावर तीच वेळ आली. तेथे शोध समितीने नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव पुढे केले होते. ६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. कुलपती, आयोग आणि विद्यापीठ यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असलेली तीन सदस्यांची शोध समिती त्यात सुचवलेली होती; राज्य सरकारला तीत जागा नव्हती. उद्योग, लोकप्रशासन, धोरणनिर्मिती आणि सार्वजनिक उपक्रम या क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींनाही कुलगुरुपदाचे दार उघडण्याची तरतूद त्यात होती. अनेक राज्यांनी या मसुद्याला कडाडून विरोध केला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ८ एप्रिलला, तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून धरलेल्या दहा विधेयकांना संमती मिळाली असे मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यांतील बहुतेक विधेयके कुलगुरूंच्या नेमणुकीचा अधिकार राज्य सरकारकडे देणारी होती.

हा वाद महत्त्वाचा आहेच. परंतु तो जिथे संपतो तिथून पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नेमणूक कोणीही केली, तरी त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला विद्यापीठात नेमके काय करता येते? गोव्यासारख्या छोट्या राज्यात या प्रश्नाला अधिक धार आहे. २०११च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या या राज्यात पारंपरिक पदवी शिक्षणाचा जवळजवळ सारा भार एकट्या गोवा विद्यापीठावर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली २०२३-२४ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येते. तिला त्या वर्षात काय मिळणार, हे कुलगुरूंच्या निवडीइतकेच विद्यापीठाच्या घडणीवर अवलंबून आहे. ही घडण समजून घेण्यास संघटनशास्त्राने गेल्या अर्धशतकात बरीच सामग्री पुरवली आहे. आपल्याकडील धोरणचर्चेत मात्र तिचा मागमूस नसतो.

तज्ज्ञांची संस्था

कारखान्यात किंवा सरकारी खात्यात वरून आदेश निघतो आणि तो पायरी पायरीने खाली उतरतो. मॅक्स वेबर यांनी वर्णिलेल्या नोकरशाहीचे हे ओळखीचे चित्र. विद्यापीठातही कुलसचिव, लेखा विभाग, परीक्षा विभाग या रचनेप्रमाणेच चालतात. परंतु विद्यापीठाचे मूळ काम, म्हणजे शिकवणे आणि संशोधन, या साखळीत बसत नाही. कॅनडाचे व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७९ मध्ये अशा संस्थांना एक वेगळा वर्ग दिला : तज्ज्ञांची नोकरशाही. रुग्णालय आणि विद्यापीठ ही तिची ठळक उदाहरणे. शल्यचिकित्सकाने हात कसा चालवावा हे रुग्णालयाचा प्रशासक सांगू शकत नाही. सागरविज्ञानाच्या प्राध्यापकाने कोणता प्रयोग करावा हे कुलगुरू सांगू शकत नाहीत, मग ते स्वतः कितीही मोठे विद्वान असोत. अशा संस्थेत कामाचा दर्जा आदेशातून येत नाही. तो आधीच्या प्रशिक्षणातून आणि सहकाऱ्यांच्या परीक्षणातून येतो.

याच्या तीन वर्षे आधी, १९७६ मध्ये, अमेरिकी अभ्यासक कार्ल वाइक यांनी शिक्षणसंस्थांच्या घडणीबद्दल एक निरीक्षण नोंदवले होते. या संस्थांचे भाग एकमेकांना जोडलेले असतात, पण सैलपणे. एका विभागात घडलेल्या गोष्टीचा दुसऱ्या विभागावर परिणाम होतोच असे नाही. झाला तरी तो उशिरा आणि क्षीण होतो. पणजीत किंवा ताळगाव पठारावर घेतलेला निर्णय पेडणे किंवा काणकोण येथील वर्गापर्यंत पोहोचेतो त्याचा अर्थ दोन-तीनदा बदललेला असतो, हा येथील प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव वाइक यांच्या निरीक्षणाशी जुळतो. मात्र वाइक यांनी या सैलपणाला दोष म्हटले नव्हते. सैल वीण असल्यामुळे एका विभागाची पडझड साऱ्या संस्थेला खाली ओढत नाही, आणि स्थानिक गरजेनुसार नवे काही करून पाहण्यास जागा उरते. एखादा विभाग केंद्राच्या परवानगीची वाट न पाहता नवा अभ्यासक्रम घडवू शकतो, तो याच मोकळीकीमुळे.

गोव्यात या सैलपणाला आणखी एक पदर आहे. अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांना तीन ठिकाणी उत्तर द्यावे लागते : संस्थाचालकांना, उच्च शिक्षण संचालनालयाला आणि विद्यापीठाला. पगाराचे अनुदान एकीकडून, नेमणुकीची प्रक्रिया दुसरीकडून आणि अभ्यासक्रम तिसरीकडून. तिन्ही ठिकाणांहून निघणारी परिपत्रके एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यामुळे कुलगुरूंनी धोरण जाहीर केले म्हणजे ते महाविद्यालयात अमलात आले, हे गृहीतकच मुळात कच्चे आहे.

चौथे वर्ष आणि संघटित अराजक

मायकेल कोहेन आणि जेम्स मार्च यांनी अमेरिकी महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या अध्यक्षांचा अभ्यास करून १९७४ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी विद्यापीठाला ‘संघटित अराजक’ म्हटले. शब्द कठोर वाटतो, पण त्याचा अर्थ नेमका आहे. विद्यापीठाची उद्दिष्टे संदिग्ध असतात, ती गाठण्याचे तंत्र कोणालाच पुरते ठाऊक नसते, आणि निर्णयात सहभागी होणारी माणसे सतत बदलत असतात. दोनच वर्षांपूर्वी योहान ओल्सेन यांच्यासह त्यांनी निर्णयप्रक्रियेचे जे प्रतिमान मांडले, ते ‘कचरापेटी’ या नावाने प्रसिद्ध आहे. समस्या, उपाय, माणसे आणि निर्णयाच्या संधी हे चार प्रवाह स्वतंत्रपणे वाहत असतात. एखाद्या बैठकीत ते योगायोगाने एकत्र येतात आणि निर्णय होतो. कित्येकदा उपाय आधी तयार असतो आणि त्याला साजेशी समस्या नंतर शोधली जाते.

चार वर्षांच्या पदवीकडे या दृष्टीने पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी मिळते. त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे होऊ शकते. कागदावर रचना सुबक आहे. परंतु हा उपाय दिल्लीहून तयार होऊन आला आणि त्याला भिडणाऱ्या स्थानिक समस्या स्वतंत्र प्रवाहात वाहत राहिल्या. चौथ्या वर्षी संशोधनाला मार्गदर्शन कोण करणार? प्रयोगशाळा दुपारनंतर मोकळी असेल का? ज्या विषयात महाविद्यालयात एक-दोनच कायम शिक्षक आहेत, तिथला विद्यार्थी कुठे जाणार? पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष आणि पदवीचे चौथे वर्ष हे एकच समजायचे की वेगळे? ही उत्तरे अभ्यास मंडळे, विद्या परिषद, प्राचार्य, संचालनालय आणि अर्थ खाते अशा पाच ठिकाणी विखुरलेली आहेत. ती एका टेबलावर आणण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. नेतृत्वाची खरी जागा नेमकी इथे आहे.

कागदावरची गुणवत्ता

समस्या आणि उपाय यांची गाठ पडत नाही, तेव्हा संस्था आणखी एक वाट धरते. जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की पुष्कळ संस्था बाहेरच्या जगाला मान्य असलेली रचना स्वीकारतात, कारण तिच्यामुळे प्रतिष्ठा आणि निधी मिळतो. प्रत्यक्ष काम मात्र त्या रचनेपासून अलगद वेगळे ठेवतात. समित्या स्थापन होतात, इतिवृत्ते लिहिली जातात, अहवाल छापले जातात, आणि वर्ग पूर्वीसारखाच चालतो.

आपल्याकडील मूल्यांकन व्यवस्थेला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली. गुणवत्तेची नोंद ठेवण्याची सवय तिने महाविद्यालयांना लावली, हे श्रेय तिला द्यावे लागेल. पण कालांतराने नोंद हेच साध्य झाले. नॅकची समिती येणार म्हटल्यावर लग्नघरासारखी लगबग सुरू होते, रंगरंगोटी होते, फायलींचे गठ्ठे उभे राहतात. या व्यवस्थेचे टोक फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. आंध्र प्रदेशातील एका अभिमत संस्थेला अनुकूल श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांनाच अटक केली. एखादी व्यक्ती भ्रष्ट असणे वेगळे. पण श्रेणी आणि प्रत्यक्ष अध्यापन यांचा संबंध तुटला की श्रेणीला बाजारभाव येतो, हा संघटनशास्त्राचा इशारा या घटनेने अधोरेखित केला.

गोवा विद्यापीठाने विभागांची पुनर्रचना करून महाशाळा निर्माण केल्या. शणै गोंयबाब यांच्या नावाची भाषा-साहित्याची महाशाळा, दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाची समाजशास्त्रांची महाशाळा ही त्यांतील सुपरिचित नावे. मराठी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज अशा भाषा एका छताखाली याव्यात, ही कल्पना गोव्याच्या इतिहासाला साजेशी आहे. पण अशा पुनर्रचनेची कसोटी फलकावर होत नाही. मराठीचा विद्यार्थी कोकणी विभागातील अभ्यासक्रम घेतो का, दोन विभागांचे प्राध्यापक मिळून एखादा संशोधनविषय हाती घेतात का, वेळापत्रक त्याला वाव देते का, हे पाहावे लागते. रचना बदलणे सोपे असते, कारण ती परिपत्रकाने बदलते. सवयी बदलायला माणसांना एकत्र बसवावे लागते.

मुठीत सत्ता घेण्याचा मोह

सैल विणीचा अनुभव आला की सरकारांना पहिला उपाय सुचतो तो सत्ता एकवटण्याचा. याचे उदाहरण मराठी माणसाला जवळच्या असलेल्या बडोद्यात सापडते. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजच्या पायावर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. हंसा मेहता या त्याच्या पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठाचा स्वतःचा कायदा होता, स्वतःची सिनेट आणि सिंडिकेट होती, आणि कुलपतिपद राज्यपालांकडे नसून गायकवाड घराण्याकडे होते. २०२३च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने बडोद्यासह अकरा विद्यापीठे एका साच्यात आणली. निवडणुकीने येणारी सिनेट-सिंडिकेट गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. निवडणुकांमुळे गटबाजी माजते, निर्णय रखडतात, हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. सिनेटच्या राजकारणाने कंटाळलेले प्राध्यापक सगळीकडे भेटतात. परंतु मतभेद मांडण्याची जागा काढून टाकल्याने मतभेद संपत नाहीत. ते न्यायालयात, वृत्तपत्रांत किंवा मंत्र्यांच्या दालनात जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे, जाणकार शिक्षक गप्प राहू लागतात.

दुसरा उपाय म्हणजे ‘कणखर प्रशासक’ आणण्याचा. आयोगाच्या मसुद्यातील तरतूद याच समजुतीवर उभी आहे. या बाबतीत गोव्याजवळ स्वतःचा अनुभव आहे. १९८४च्या कायद्याने आणि १९८५ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. बी. शेख अली हे इतिहासाचे प्राध्यापक होते. पुढे, नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात, ही धुरा डॉ. पद्माकर दुभाषी यांच्याकडे होती. ते भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकारी. पण लोकप्रशासनाचे गाढे अभ्यासक आणि लेखकही. प्रशासकाला कुलगुरुपद देणे म्हणूनच गोव्याला नवे नाही. या अनुभवातून एवढे निश्चित दिसते की पूर्वायुष्यातील पदापेक्षा विद्येच्या व्यवहाराची जाण अधिक मोलाची ठरते. मंडळाच्या बैठकीत आकडे मागण्याची सवय असलेला, पण एखाद्या शोधनिबंधाला पाच वर्षे का लागतात हे न कळणारा माणूस विद्यापीठात दोनच गोष्टी करू शकतो : परिपत्रके काढणे आणि ती पाळली न गेल्याबद्दल संतापणे.

घट्ट काय, सैल काय

याचा अर्थ विद्यापीठाला शिस्त नको असा मुळीच नाही. सैल विणीचे कौतुक करताना तिच्या आड निष्काळजीपणाही सहज दडतो, हे विसरून चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये गोवा विद्यापीठाच्या एका विभागातील प्रश्नपत्रिका चोरीच्या आरोपाने राज्यभर खळबळ माजली आणि चौकशी समिती नेमावी लागली. आरोपांचा निवाडा योग्य त्या यंत्रणेने करायचा आहे. पण नेतृत्वाच्या दृष्टीने त्या प्रकरणातला धडा कोणत्याही एका व्यक्तीपुरता नाही. प्रश्नपत्रिकेची गोपनीयता ही विभागाच्या मर्जीवर सोडण्याची बाब नव्हेच. परीक्षा, हिशेब, विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि तक्रारींची दखल या चार ठिकाणी विद्यापीठाने सरकारी कोषागाराइतके काटेकोर असले पाहिजे. तिथे नियम एक, नोंद लेखी आणि जबाबदारी नावानिशी हवी.

उलट अभ्यासक्रम, संशोधनाचे विषय, अध्यापनाची पद्धत आणि नव्या विषयांची जुळणी या ठिकाणी मोकळीक हवी. आपल्याकडे प्रत्यक्षात याच्या नेमके उलटे घडते. प्राध्यापकाने वर्गात काय व किती तास शिकवावे याचे तक्ते भरून घेतले जातात, परिसंवादाच्या परवानगीसाठी फाइल चार टेबलांवरून फिरते; आणि परीक्षेसारख्या नाजूक व्यवहारात मात्र ‘आजवर असेच चालत आले’ यावर भिस्त ठेवली जाते. जिथे गाठ घट्ट हवी तिथे ती सैल, आणि जिथे सैल हवी तिथे गळ्याला काच बसेल इतकी आवळलेली, ही आपल्या विद्यापीठांची खरी व्यथा आहे.

मधली फळी

मग कुलगुरूंनी करायचे काय? कोहेन आणि मार्च यांनी अशा संस्थांच्या प्रमुखांना दिलेला सल्ला आजही ताजा वाटतो. वेळ द्या, कारण बैठकीला पूर्ण तयारीनिशी येणारी माणसे थोडी असतात आणि निर्णय त्यांच्याच हातून होतो. चिकाटी ठेवा; एका बैठकीत हरलेला प्रस्ताव पुढच्या बैठकीत जिंकू शकतो. श्रेय इतरांना द्या आणि काम पदरात पाडून घ्या. विरोधकांना समितीबाहेर ठेवू नका. जबाबदारी आली की त्यांच्या अपेक्षाही वास्तवाला धरून होतात. रॉबर्ट बर्नबॉम यांनी १९८८ मध्ये यात भर घातली. विद्यापीठाचे नेतृत्व म्हणजे खोलीचे तापमान राखणारे यंत्र. सारे सुरळीत असताना ते हस्तक्षेप करत नाही, मर्यादा ओलांडली गेली की तत्काळ जागे होते. त्यासाठी बिघाडाची खबर वर पोहोचवणारे मार्ग मात्र शाबूत लागतात.

हे मार्ग म्हणजे विभागप्रमुख, अधिष्ठाते, अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि महाविद्यालयांचे प्राचार्य. भारतात कुलगुरूंची कारकीर्द साधारणतः तीन ते पाच वर्षांची. पहिले वर्ष ओळखी होण्यात आणि शेवटचे वर्ष वारसाच्या चर्चेत जाते. संस्थेची स्मृती टिकते ती या मधल्या फळीत. परंतु तिची घडण आपण वाऱ्यावर सोडली आहे. विभागप्रमुखपद बहुधा ज्येष्ठतेने आळीपाळीने येते आणि ते ओझे म्हणून उचलले जाते. अंदाजपत्रक कसे वाचावे, तक्रार कशी हाताळावी, सहकाऱ्याला अप्रिय गोष्ट कशी सांगावी, याचे प्रशिक्षण कोणी देत नाही. त्यातच तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांना कोणत्याही मंडळावर स्थान नसते. वर्गात काय बिनसले आहे हे ज्यांना रोज दिसते, त्यांचा आवाज जिथे निर्णय होतो तिथे पोहोचत नाही. अशा वेळी वर बसलेली व्यक्ती कितीही कर्तबगार असली, तरी तिच्या हाती येते ते चकचकीत सादरीकरण.

गोव्याचे लहानपण इथे सोयीचे ठरू शकते. पेडण्याहून निघालेले प्राचार्य आणि काणकोणहून निघालेले प्राचार्य सकाळी निघून दुपारच्या आत ताळगावच्या पठारावर एकाच टेबलाशी बसू शकतात. महाराष्ट्रातील अवाढव्य विद्यापीठांना ही चैन नाही. चौथ्या वर्षाची घोषणा होण्यापूर्वी प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाने महाविद्यालयनिहाय मार्गदर्शकांची यादी सिद्ध करावी. एका महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकाकडे प्रकल्प करण्याची मुभा आणि त्या शिक्षकाला त्या कामाचा मोबदला द्यावा. संचालनालय आणि विद्यापीठ यांनी या बाबतीत एकच संयुक्त परिपत्रक काढावे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना अभ्यास मंडळात निमंत्रित म्हणून बोलवावे. यांतील एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही आणि एकीलाही फार मोठा खर्च नाही.

कुलगुरूंच्या शोधात असलेल्या समितीनेही उमेदवारांचे शोधनिबंध आणि सन्मान मोजण्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा : आपण सांभाळलेल्या विभागात किंवा संस्थेत, आपण पद सोडल्यानंतरही टिकून राहिलेली एक गोष्ट सांगा. ज्याच्यापाशी उत्तर आहे, त्याने आपल्या काळात मधली फळी उभी केली असे समजावे. २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाला बसू पाहणारा फर्मागुडी, मडगाव किंवा साखळीचा विद्यार्थी कुलगुरूंना कदाचित कधी भेटणारही नाही. आपला प्रकल्प तपासायला वेळ असलेला एक शिक्षक त्याला मिळाला की नाही, एवढ्यावरच तो या साऱ्या नेतृत्वाची परीक्षा घेईल, आणि तेच रास्त ठरेल.